सैरंध्रीची फिर्याद : ‘कीचकवधा’चे एक उपेक्षित अंग

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. या अवघ्या तीन वर्षांच्या अवधीत नाटकाला जो अर्थ चिकटला, तो आजतागायत सुटलेला नाही. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, विराट म्हणजे दुर्बळ विलायती सत्ता, कंकभट म्हणजे मवाळ पक्ष आणि बल्लव म्हणजे जहाल पक्ष, हे समीकरण मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. हे समीकरण चुकीचे आहे असे आमचे म्हणणे नाही. खाडिलकर हे टिळकांच्या ‘केसरी’तील सहकारी होते, वंगभंगाला दोनच वर्षे झाली होती, आणि प्रेक्षकांनी नाटकाचा रोख पहिल्या प्रयोगापासून ओळखला होता. प्रश्न एवढाच आहे की, या एका अर्थाच्या प्रकाशात नाटकाचे दुसरे एक अंग इतके झाकोळून गेले की, ते तेथे आहे याचाच आपल्या समीक्षेला विसर पडला. सैरंध्री ही देशाची प्रतिमा होण्यापूर्वी एका घरची चाकर आहे. तिच्यावर येणारे संकट चाकरीच्या जागी, चाकरीचे काम करीत असता आणि चाकरीच्या निमित्ताने येते. तिची फिर्यादही तिच्या मालकापुढेच आहे. या फिर्यादीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

नाशिककरांना या नाटकाच्या इतिहासात विशेष रस असण्याचे कारण उघड आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपादाखल किर्लोस्कर नाटक मंडळींचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठरलेला होता. त्या रात्री अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. या वधानंतर सरकारची दृष्टी मराठी रंगभूमीकडे वळली आणि ‘कीचकवधा’वरील बंदी लगोलग आली. नाट्यप्रयोगांचे नियंत्रण करणारा १८७६ चा कायदा सरकारच्या हाती होताच. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या आपल्या पुस्तकात या नाटकाची जी हकीकत दिली, तिने वरील समीकरणावर जणू राजमुद्राच उठवली. येथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या सरकारने नाटकावर बंदी घातली ते आणि ज्या देशभक्तांनी त्याला डोक्यावर घेतले ते, या दोघांचेही नाटकाच्या अर्थाविषयी संपूर्ण एकमत होते. सैरंध्री म्हणजे देश, याविषयी दोन्ही पक्षांना शंका नव्हती.

तथापि चिरोल यांच्याच पुस्तकात प्रयोगाचे जे वर्णन येते, त्यात या एकमताला छेद देणारा एक तपशील आहे. कीचकाची कृत्ये पाहताना पुरुष प्रेक्षकांचे चेहरे कठोर होत, हे त्यात सांगितले आहे; आणि द्रौपदीच्या विनवण्या ऐकताना स्त्रियांचे डोळे पाणावत, हेही सांगितले आहे. हे अश्रू कोणासाठी होते? चिरोल यांना ते राजद्रोहाचे चिन्ह वाटले आणि आपल्या इतिहासकारांना देशप्रेमाचे. वाड्यात, शेतावर, दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या स्त्रीवर जो प्रसंग येऊ शकतो, तो त्या प्रेक्षागारातील स्त्रियांना रूपकाच्या मदतीशिवाय कळत असेल, ही शक्यता कोणीही विचारात घेतली नाही. वस्तुतः रूपकाची ताकदच या प्राथमिक अनुभवावर उभी आहे. आश्रयाला राहिलेल्या स्त्रीचा अपमान असह्य असतो हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक नसते, तर त्या अपमानातून देशाचा अपमान त्याला कधीच जाणवला नसता. उपमान विसरून केवळ उपमेय लक्षात ठेवण्याची ही पद्धत समीक्षेला शोभणारी नाही.

२

आता खाडिलकरांनी जेथून कथानक घेतले त्या विराटपर्वाकडे वळू. महाभारतकाराने हा प्रसंग रचताना चाकरीच्या व्यवहाराचे किती बारीक भान ठेवले आहे, हे पाहण्यासारखे आहे. अज्ञातवासातील द्रौपदी सुदेष्णेकडे कामाला राहते ती अटी घालून. उष्टे अन्न देऊ नये आणि पाय धुण्याचे काम सांगू नये, असे ती प्रथमच बजावते. पाच गंधर्व आपले रक्षण करतात, हेही ती सांगून ठेवते. सुदेष्णेला तिला ठेवून घेताना जी शंका येते ती तिच्या कौशल्याविषयीची नाही. हिचे रूप पाहून राजाच मोहात पडेल, ही ती शंका आहे. म्हणजे सैरंध्री कामाला लागण्यापूर्वीच, उद्या काही घडले तर त्याचे कारण म्हणून तिचेच रूप नोंदले गेलेले आहे. पुरुषाच्या वर्तनाची जबाबदारी स्त्रीच्या दिसण्यावर टाकण्याची ही रीत आजच्या कचेऱ्यांनाही अपरिचित नाही.

पुढे कीचक येतो. तो राणीचा भाऊ आहे, सेनापती आहे आणि राज्य त्याच्या बाहुबलावर उभे आहे. सैरंध्री त्याला स्पष्ट नकार देते. येथे सुदेष्णेची भूमिका निर्णायक ठरते. भावाच्या आग्रहापुढे नमून ती सैरंध्रीला मद्य आणण्यासाठी कीचकाच्या घरी पाठवते. सैरंध्री जाण्यास नाखूष आहे. आपल्याला तेथे काय भोगावे लागेल हे ती मालकिणीला सांगते. तरीही तिला जावे लागते, कारण ती आज्ञा आहे. छळ येथे कामाच्या रूपानेच तिच्याकडे चालून येतो. आज्ञा पाळावी तर अब्रू जाते आणि मोडावी तर आश्रय जातो. चाकरी करणाऱ्या स्त्रीच्या कोंडीचे याहून नेमके वर्णन आढळणे कठीण. या छळाचा पहिला परिणाम शारीरिक आघाताच्याही आधी होतो. निरोप नेणे, वस्तू आणणे, एका दालनातून दुसऱ्या दालनात जाणे या ज्या रोजच्या गोष्टी, त्या प्रत्येकीत भय शिरते. काम तेच राहते, पण ते करणाऱ्या मनुष्याची सर्व शक्ती कामाऐवजी स्वतःच्या रक्षणात खर्ची पडू लागते.

कीचकाच्या हातून सुटून सैरंध्री धावत राजसभेत जाते. तेथे सर्वांच्या देखत कीचक तिला लाथ मारतो. यानंतरचे विराटाचे उत्तर हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. तुमचा कलह माझ्या दृष्टीआड झाला. त्यातील खरे काय ते जाणल्यावाचून मी काय करणार, अशा आशयाचे ते उत्तर आहे. वरवर पाहता हे न्यायाधीशाचे बोलणे वाटते. वस्तुस्थिती जाणल्याशिवाय निर्णय देऊ नये हे तत्त्व अगदी योग्य आहे. पण विराट ती जाणून घेण्यासाठी काहीही करीत नाही. तो साक्षी बोलावीत नाही, कीचकाला प्रश्न विचारीत नाही. आणि लाथ तर त्याच्या डोळ्यांसमोरच बसलेली आहे. चौकशी न करण्यासाठी चौकशीचे तत्त्व पुढे करणे, हा सत्तेचा फार जुना शिरस्ता दिसतो. सभासद सैरंध्रीची प्रशंसा करतात आणि कीचकाची निंदा करतात. मात्र त्यापलीकडे कोणी जात नाही. फिर्यादी स्त्रीच्या शीलाची स्तुती करून तिची फिर्याद तशीच ठेवणे हाही न्याय नाकारण्याचाच एक प्रकार होय. कंक तर तिला सभेतून निघून जाण्यास सांगतो, कारण तिच्या रडण्याने द्यूतात व्यत्यय येत आहे. खाडिलकरांच्या काळच्या प्रेक्षकाला यात मवाळांचा भ्याडपणा दिसला. आज वाचताना त्यात स्वतःचे गुपित जपणाऱ्या एका सहकाऱ्याची अगतिकता दिसते. आणि आपल्या नोकरीच्या भयाने जे सहकारी साक्ष देत नाहीत, ते याच कंकाचे वंशज आहेत.

३

छळाचा परिणाम पीडित व्यक्तीवर होतो हे सर्वांना मान्य असते. तो ज्या घरात किंवा संस्थेत छळ घडतो तिच्यावरही होतो, हे मात्र सहसा बोलले जात नाही. विराटाच्या घराचे काय झाले ते या दृष्टीने पाहावे.

विराट मुका राहिला, कारण कीचकावाचून आपले चालणार नाही असे त्याला वाटत होते. या मौनाने त्याने तीन गोष्टी गमावल्या. पहिली गोष्ट म्हणजे राजा म्हणून असलेली पत. ज्या सभेत आश्रिताला दाद मिळत नाही, ती सभा राजाची न राहता सेनापतीची होते. कीचकाची लाथ सैरंध्रीला लागली, पण सिंहासन हलले ते विराटाचे. दुसरी गोष्ट म्हणजे घरातील विश्वास. राणीने स्वतःच्या दासीला जाणूनबुजून संकटात लोटल्यावर त्या अंतःपुरात कोणती दासी कोणत्या आज्ञेवर निःशंकपणे विश्वासेल? तिसरी गोष्ट सर्वांत उघड आहे. कीचक मारला गेल्याची वार्ता पसरताच त्रिगर्तांचा सुशर्मा आणि पाठोपाठ कौरव मत्स्यदेशावर चालून येतात आणि गोधने पळवतात. यावर असा आक्षेप येईल की, हे संकट कीचकाच्या वधामुळे आले, त्याच्या दुर्वर्तनामुळे नव्हे. हा आक्षेप वरवरचा आहे. एका मनुष्यावाचून राज्य टिकणार नाही अशी स्थिती ज्या राजाने येऊ दिली, त्याने त्या मनुष्याला सर्व नियमांच्या वर बसवले. नियमांच्या वर बसलेला मनुष्य कधी ना कधी नाश पावतो, आणि त्याच्यावर विसंबलेली संस्था त्याच्याबरोबर उघडी पडते. ‘अमुक गृहस्थ गेले तर विभाग बंद पडेल’, ‘अमुक साहेबांवाचून कारखाना चालणार नाही’, अशी वाक्ये जेथे तक्रार दाबण्यासाठी उच्चारली जातात, तेथे विराटाचे राज्य सुरू आहे असे समजावे.

कथेतील सर्वांत बोचरा भाग यानंतर येतो. कीचक मेल्यावर उपकीचक आपल्या भावाच्या मृत्यूचे खापर सैरंध्रीवर फोडतात आणि तिला त्याच्या प्रेताबरोबर जाळावयास निघतात. विशेष म्हणजे विराटाची त्याला संमती असते. भीम तिला सोडवतो. मग घाबरलेला राजा राणीकरवी तिला निरोप देतो, की तू आता येथून जावेस. अज्ञातवासाचे तेरा दिवस उरले असल्यामुळे ती तेवढी मुदत मागून घेते. अपराध्याने अपराध केला तेव्हा त्याला कोणी जाण्यास सांगितले नाही. जिच्यावर अपराध झाला तिला मात्र घरातील शांततेसाठी बाहेरची वाट दाखवण्यात आली. तक्रार करणारी स्त्री हीच संस्थेला उपद्रव वाटू लागते, हा अनुभव इतका जुना आहे. आज तो बदलीच्या हुकुमाने, करार न वाढवण्याने किंवा राजीनामा ‘सुचवण्या’ने येतो, एवढाच काय तो फरक.

४

खाडिलकरांच्या नाटकाचा मर्यादाभाग येथेच सांगितला पाहिजे. ‘कीचकवध’ हे नावच सांगते की, नाटककाराची नजर वधावर आहे. सारी नाट्यरचना बल्लवाच्या मुठीकडे धावते, आणि कीचक मेला की प्रेक्षकाला प्रश्न सुटल्याचे समाधान मिळते. राजकीय रूपकाला हा शेवट पूर्णपणे साजेसा होता; परकी सत्तेशी वाद मिटवणारे न्यायालय त्या सत्तेच्या राज्यात अस्तित्वातच नव्हते. परंतु सैरंध्रीच्या फिर्यादीच्या दृष्टीने पाहता वध हे उत्तर नव्हे. विराटाची सभा जशी होती तशीच राहिली. सुदेष्णेला जाब द्यावा लागला नाही. आणि ज्या दासीला पाच पराक्रमी पती नाहीत, तिच्यासाठी या कथेत कोणतीच सोय नाही. स्त्रीचे रक्षण तिच्या पुरुषांच्या बळावर अवलंबून ठेवणारी व्यवस्था आणि कीचकाला निर्माण करणारी व्यवस्था या दोन नसून एकच आहेत, हे कथानकाच्या वेगात आपल्या लक्षात येत नाही. आपल्या समीक्षेने भीम आणि धर्मराज यांच्यातील वादावर पानेच्या पाने लिहिली. विराटाच्या सभेला नियम का नव्हते, हा प्रश्न तिने विचारला नाही.

नाटकानंतर साठ वर्षांनी, १९६७ साली, विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले, तेव्हा या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. लीला बेणारे ही शिक्षिका आहे. तिच्या गर्भारपणाचा संबंध ज्या प्राध्यापक दामल्यांशी आहे, ते नाटकात अखेरपर्यंत येतच नाहीत. त्यांची नोकरी आणि प्रतिष्ठा दोन्ही अबाधित असल्याचे आपण गृहीत धरून चालतो. बेणारेबाईंना मात्र शाळेतून काढण्याचा निर्णय संस्थेच्या चालकांनी घेतल्याचे खेळातल्या खटल्यात उघड होते. हा छळाचा खटला नव्हे, हे खरे. तेथील संबंध बेणारेच्या संमतीने सुरू झालेला आहे. परंतु संस्था कोणाला वाचवते आणि कोणाला बाहेर काढते, या बाबतीत विराटनगरी आणि ही शाळा यांत काडीचे अंतर नाही. विराटाच्या सभेत निदान सभासदांनी हळहळ तरी व्यक्त केली होती. तेंडुलकरांच्या कोर्टात तीही उरलेली नाही. या दोन नाटकांचा एकत्र अभ्यास झाल्यास आधुनिक मराठी नाटकातील नोकरदार स्त्रीच्या चित्रणाची एक रेषा हाती लागेल, असे आम्हांस वाटते.

५

वाङ्मयीन चर्चेत कायदा कशाला, असा प्रश्न येथे कोणी करील. पौराणिक कथेला आजचे कायदे लावणे हा कालविपर्यास आहे, असेही म्हटले जाईल. आमचा हेतू विराटाला आजच्या न्यायालयात खेचण्याचा नाही. जी कोंडी कथाकाराला इतक्या स्पष्टपणे दिसली होती, तिला नियमाचे उत्तर मिळण्यास किती काळ लागला हे पाहिल्याने कथेचीच समज वाढते, म्हणून हा उल्लेख.

राजस्थानात शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या भंवरीदेवी यांनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्यापायी १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या जे काम करीत होत्या ते त्यांच्या नोकरीचेच काम होते. तरीही त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक म्हणून कोणाचीच नव्हती. या घटनेतून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. ती पाळली जात नाहीत म्हणून पुण्याच्या मेधा कोटवाल-लेले यांनी न्यायालयाकडे दाद मागितली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. पुढे २०१३ साली संसदेने कायदा केला. त्यातील काही तरतुदी विराटपर्व वाचून लिहिल्या असाव्यात, असे वाटण्याइतक्या नेमक्या आहेत. कामाच्या निमित्ताने कर्मचारी जेथे जेथे जाईल ती प्रत्येक जागा ‘कामाची जागा’ होय, असे हा कायदा म्हणतो. म्हणजे कीचकाचे घरही त्यात आले. घरकाम करणारी स्त्रीही त्याच्या कक्षेत आहे. म्हणजे दासीही आली. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असावी, निम्म्याहून कमी नसतील इतक्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा, असा दंडक आहे. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी आणि तिच्या काळात मागणी केल्यास फिर्यादी स्त्रीला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळावी, हीही तरतूद आहे. समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘मी पाहिले नाही’ असे म्हणून विराटाला सुटता येऊ नये, यासाठीच ही सारी रचना आहे.

तरीही विराट दुसऱ्या टोकाला जाऊन चुकू शकतो, हे विद्यापीठीय वर्गाने विशेष लक्षात ठेवावे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणी १२ मे २०२३ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने समितीची घाईची चौकशी सदोष ठरवून प्रकरण पुन्हा चौकशीसाठी परत पाठवले आणि त्याच निकालात कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर त्रुटींवर बोट ठेवले. चौकशी टाळणे आणि चौकशी घाईने उरकणे या दोन्ही गोष्टींचा भार अखेर फिर्यादी स्त्रीवरच पडतो. तिला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. आरोपीला पुरती संधी देणारी चौकशी ही म्हणूनच फिर्यादीच्याही हिताची असते.

ज्या नाशिकमध्ये कलेक्टरच्या वधाचे पडसाद ‘कीचकवधा’वरील बंदीत उमटले, त्या नाशिकचा विचार करून हे विवेचन संपवू. सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील कारखान्यांत, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आणि शहरातील घराघरांत राबणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींच्या कामाच्या जागी दहा माणसेही नसतात. त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी असे कायदा सांगतो, आणि ती नेमण्याचे काम जिल्हाधिकारी किंवा त्या कामी अधिसूचित केलेल्या महसूल अधिकाऱ्याकडे आहे. एका काळी ज्या पदाकडे जुलमाचे प्रतीक म्हणून पाहिले गेले, त्याच यंत्रणेकडे आज सैरंध्रीने फिर्याद घेऊन जावयाचे आहे. तिला तेथे बल्लवाची गरज भासू नये, यातच सभेची कसोटी आहे. आणि समीक्षकापुरते बोलावयाचे तर, पुढच्या वेळी वर्गात ‘कीचकवध’ शिकवताना सैरंध्री म्हणजे कोण, या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘सुदेष्णेच्या घरी कामाला असलेली एक स्त्री’ असे द्यावे. ‘हिंदभूमी’ हे उत्तर त्यानंतर यावे. पहिले उत्तर नीट समजलेल्या विद्यार्थ्याला दुसरे अधिक खोलवर समजेल, याविषयी आम्हांस शंका नाही.